सत्तरीतली जर्मन बाराखडी

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठ नागरिकांच्या सत्रात केलेलं भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून, बोललो तसंच थोडं नीट करून लिहून दिलं आहे.)



सचिवांनी मला विषय दिला होता ‘ज्येष्ठ नागरिक आणि बँक व्यवहारातील सुरक्षितता’. आयुष्य बँकेत गेलं, तेव्हा तो विषय मी आधी संपवून टाकतो. ओटीपी कोणालाही सांगू नका. पिन पासबुकावर लिहून ठेवू नका. ‘साहेब, तुमचं खातं बंद पडतंय’ असा फोन आला तर तो फोन बंद करा. झालं. आता उरलेल्या वेळात, जिन्यात भेटलात की तुम्ही सगळे मला जे विचारता, त्यावर बोलतो. ते म्हणजे, काका, पहाटे गच्चीवर तुम्ही भांडता कोणाशी?

मी भांडत नाही. मी जर्मन बोलतो. समोर माणूस नसतो, मोबाइल असतो. आपल्या वॉचमनला वाटलं होतं की साहेबांवर काहीतरी परिणाम झालाय. त्यानं बिचाऱ्यानं आमच्या घरी येऊन हळूच विचारलंही. आमच्या सौ. म्हणाल्या, ‘परिणाम आधीपासूनच आहे, आता भाषा बदललीय एवढंच.’

हे सुरू कसं झालं ते सांगतो. माझी मुलगी आणि जावई जर्मनीत स्टुटगार्टजवळ एस्लिंगन नावाच्या गावी राहतात. नेकार नदीच्या काठचं गाव आहे. वर टेकडीवर जुना कोट, त्याला ते ‘बुर्ग’ म्हणतात, आणि उतारावर द्राक्षाचे मळे. पहिल्या दिवशी बघितल्यावर सौ. म्हणाल्या, ‘अहो, नदी, काठाला गाव अन् किल्ला! हे तर शहागडच की.’ फरक एवढाच, की आपण गोदावरीला गंगामाय म्हणतो आणि त्यांच्यात नेकार पुल्लिंगी. ‘तो नेकार’. ऱ्हाइनसुद्धा ‘तो’. मात्र डॅन्यूब ‘ती’. का, ते विचारू नका.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही पहिल्यांदा गेलो. पाहुण्यांच्या व्हिसावर एकशेऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहता येतं, त्यामुळे तीन महिन्यांचा हिशोब. नातू तेव्हा तीन वर्षांचा होता. सकाळी ‘किटा’त, म्हणजे तिथल्या बालवाडीत जायचा, तो दुपारनंतर यायचा. घरात मुलगी-जावई मराठी बोलतात. पोराला सगळं कळतं, पण उत्तर मात्र जर्मनमध्ये.

एकदा पाऊस पडून गेल्यावर मी त्याला खाली घेऊन गेलो. तो एकदम ओरडला, ‘ओपा, श्नेके! श्नेके!’ ओपा म्हणजे आजोबा, एवढं मला माहीत होतं. पुढचं मी ऐकलं ‘स्नॅक’. म्हटलं, भूक लागली असेल. खिशातून बिस्किट काढून दिलं. त्यानं बिस्किटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बोट खाली दाखवलं. भिंतीच्या कडेनं एक गोगलगाय चालली होती. ‘श्नेके’ म्हणजे गोगलगाय. मी मान हलवली, हसलो, पण त्याच्या लक्षात यायचं ते आलं होतं. घरी गेल्यावर तो आईला म्हणाला, ‘ओपा फेरश्टेट निक्स.’ आजोबांना काही कळत नाही.

मंडळी, बँकेत ऑडिटरनं शेरे मारले, वरिष्ठांनी चारचौघांत बोलून घेतलं, ते सगळं पचवलं. पण तीन वर्षांच्या लेकराचा हा शेरा मला रात्रभर टोचला. राग त्याचा नव्हता. ते खरंच बोललं होतं.

भाषा शिकायची मला नवलाई नाही. नोकरीत निजामाबाद जिल्ह्यात तीन वर्षं होतो. तिथं तेलुगू शिकलो ती काउंटरवर. पहिला शब्द शिकलो ‘संतकम’, म्हणजे सही. त्याशिवाय पैसे देता येत नव्हते. समोर रांग असायची, गिऱ्हाईक हसायचं, मीही हसायचो, आणि सहा महिन्यांत काम चालू लागलं. पण तेव्हा मी पस्तिशीत होतो आणि खुर्ची माझी होती. परक्या देशात सत्तरीनंतर दुकानात उभं राहून तोंड उघडायचं म्हणजे घशाला कोरड पडते. मागे चार माणसं उभी असतात, पाववाल्या बाई काहीतरी विचारतात आणि आपण बोट दाखवून मोकळे होतो. महिनाभर मी बोटावरच जगलो.

जावयाच्या स्वयंपाकघरात तो बोलणारा डबा होता, अलेक्सा. जावई त्याला जर्मनमध्ये हवामान विचारायचे, गजर लावायला सांगायचे. एका सकाळी घरात कोणी उठलेलं नसताना मी त्याच्यापुढे उभा राहिलो आणि कागदावर लिहून घेतलेलं वाक्य वाचलं, ‘आज हवामान कसं आहे?’ डब्यावर दिवा लागला आणि विझला. काहीच नाही. पुन्हा वाचलं. तो म्हणाला, मला हे माहीत नाही. सहाव्या वेळेला त्यानं सरळ सांगितलं, ढगाळ, एकोणीस अंश. मला एवढा आनंद झाला की मी सौ.ना उठवून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘खिडकीतून दिसतंय की.’

हे जुन्या पद्धतीचे मदतनीस फार कडक असतात. त्यांना ठरावीक हुकूम कळतात. उच्चार चुकला की ते गप्प. पण माझ्या मते नवख्या माणसाला हीच गोष्ट उपयोगी आहे. आमच्या वेळचे गुरुजी जसे ‘पुन्हा म्हण’ म्हणायचे, तसं आहे हे. डबा हसत नाही, मागे रांग नसते आणि साठ वेळा विचारलं तरी तो कंटाळत नाही.

गजराची मात्र फजिती झाली. एका रविवारी सगळ्यांना बाहेर जायचं होतं. मी ऐटीत डब्याला सांगितलं, ‘हाल्ब झेक्स’ला उठव. ‘हाल्ब’ म्हणजे अर्धा, ‘झेक्स’ म्हणजे सहा, म्हणजे झाले साडेसहा, असा माझा हिशोब. पहाटे साडेपाचला घरभर घंटा. जर्मनमध्ये ‘अर्धा सहा’ म्हणजे सहाव्या तासातला अर्धा, म्हणजे साडेपाच. जावई काही बोलले नाहीत, पण चहा जरा जोरात ठेवला.

त्यावर विचार करताना मला एक गंमत सापडली. आपला ‘अडीच’ हा शब्द आहे ना, तो संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून आला. म्हणजे तिसऱ्यातला अर्धा. दोन पूर्ण, तिसरा अर्धा. जर्मन माणूस अडीच वाजले म्हणायला ‘हाल्ब ड्राय’ म्हणतो, अर्धा तीन. अगदी तीच मोजणी! दीडला तर त्यांच्याकडे ‘आंडर्टहाल्ब’ असा स्वतंत्र शब्द आहे. त्याचाही मूळ अर्थ दुसऱ्यातला अर्धा. आणि त्या भागात जुनी माणसं पावणेसहाला ‘ड्रायफिर्टल झेक्स’ म्हणतात, सहाव्यातले तीन पाव. पावकी, निमकी, दिडकी पाठ केलेली आपली पिढी. आपल्याला हे अवघड का जावं?

तेव्हापासून मी ठरवलं, की जर्मन इंग्रजीतून शिकायची नाही. मराठीतून शिकायची.

आकड्यांचंच बघा. इंग्रजीत आधी पन्नास, मग तीन. मराठीत आधी त्रे, मग पन्न. त्रेपन्न. जर्मनमध्ये ‘ड्राय-उंड-फ्युन्फ्त्सिश’, तीन आणि पन्नास. आयुष्यभर नोटा मोजताना ज्या क्रमानं तोंडात आकडे आले त्याच क्रमानं. आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’सोबत ‘साठ तीन’ असं वाचनही दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विधानसभेपर्यंत. समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी लहान मुलं अडखळतात, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मीही तेव्हा चावडीवरच्या चर्चेत त्यांच्या विरुद्ध तावातावानं बोललो होतो. जर्मनीत याच कारणासाठी ‘त्स्वान्त्सिश-आइन्स’, म्हणजे ‘वीस-एक’, याच नावाची एक संस्था काम करते हे जावयानं सांगितलं तेव्हा मी जरा नरमलो. अडखळणारी मुलं फक्त आपल्याकडेच नाहीत. मला मात्र तो उलटा क्रमच तारून नेत होता, हेही खरं.

लिंगाचंही तसंच. हिंदीत दोन लिंगं, इंग्रजीत वस्तूंना जवळजवळ नाहीच. मराठीत तीन, जर्मनमध्ये तीन. तो, ती, ते. डेर, डी, डास. ते मूल, ‘डास किंड’. ते घर, ‘डास हाउस’. ते पुस्तक, ‘डास बूख’. ते पाणी, ‘डास वास्सर’. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला गोठा आठवला होता. पण सगळं जुळेल असं मानू नका. सूर्य त्यांच्यात बाई आहे. चमचा ‘तो’, काटा ‘ती’ आणि सुरी ‘ते’. एकाच ताटाशेजारची तीन भांडी, तिन्हींची तीन लिंगं! मुलगी नपुंसकलिंगी आहे म्हटल्यावर सौ. रागावल्या. मी म्हटलं, अगं, आपण ‘ते पोरगं’ म्हणतोच की.

उच्चारात आपला ‘च’ कामाला आला. चमच्यातला च, चुलीतला च. ‘झेड’ अक्षराचा त्यांचा उच्चार जवळजवळ तोच. दिल्लीकडचा माणूस तिथं अडतो, आपण नाही. आपण अडतो ते ‘यु’ आणि ‘ओ’च्या डोक्यावर दोन टिंबं असतात तिथं. ओठ शिट्टी वाजवायला करतो तसे करायचे आणि आतून ‘ई’ म्हणायचं. हे मी आरशासमोर केलं. दार लावून.

परत आल्यावर मी सोडलं नाही. आपल्या इथं जर्मनचा वर्ग कुठून असणार? पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, पण शहागडाहून रोज पुणे कसं करणार? मॅक्सम्युलरनं ऋग्वेदाचं एवढं मोठं काम केलं, पण तो जन्मात कधी भारतात आला नाही. म्हटलं, तो तिकडे बसून संस्कृत शिकू शकतो तर मी इकडे बसून एवढं तरी करीन. जुनं पाठ्यपुस्तक मिळवलं आणि पहाटे गच्ची धरली. एव्हाना मोबाइलवर नव्या पद्धतीचे मदतनीस आले होते, गप्पा मारणारे. त्यांना हुकूम द्यायचा नसतो, नुसतं बोलायचं. आपलं बोलणं ऐकून त्याची अक्षरं होतात, त्यावरून पुढचं वाक्य काय असावं याचा अंदाज बांधला जातो आणि ते वाक्य आवाजात आपल्याला ऐकू येतं.

२०२५ च्या एप्रिलमध्ये आम्ही दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा तो माझा खरा सोबती झाला. सकाळी नातवाला किटात सोडलं की नेकारच्या काठी बाकावर बसायचं, कानात तारा घालायच्या आणि तासभर बोलायचं. पहिल्या दिवशी तो मला अरे-तुरे करायला लागला. जर्मनमध्ये ‘डू’ म्हणजे तू आणि ‘झी’ म्हणजे आपण. मी त्याला स्पष्ट सांगितलं की माझं वय बहात्तर आहे, मला ‘झी’ म्हणायचं. त्यानं लगेच माफी मागितली. मग मी त्याला कामं नेमून दिली. आज तू पाववाली, मी गिऱ्हाईक. आज तू डॉक्टर, माझा गुडघा दुखतोय. आज तू किटातल्या बाई, मी नातवाला न्यायला आलोय आणि तुला माझी ओळख पटत नाही. हे शेवटचं नाटक मी फार वेळा केलं, कारण त्याचीच मला धास्ती होती.

आता त्याचा दोष सांगतो. तो फार गोड आहे. काहीही बोला, ‘झेर गूट!’ फार छान! बँकेत मला असा एकही साहेब मिळाला नाही. पण शिकणाऱ्याचं याने नुकसान होतं. आपण चुकीचं बोललो तरी तो अंदाजानं अर्थ लावतो आणि पुढे जातो. आपल्याला वाटतं, बरोबर बोललो. जून महिना होता, उकडत होतं. मी त्याला रोज सांगायचो, ‘इश बिन हाइस.’ इंग्रजीतल्या ‘आय अ‍ॅम हॉट’चं सरळ भाषांतर. तो म्हणायचा, हो, आज ऊन आहे, पाणी प्या. मग एक दिवस तेच वाक्य मी पावाच्या दुकानात म्हटलं. काउंटरवरच्या दोघी बायका एकमेकींकडे बघून अशा हसल्या की मी पाव तिथंच विसरून आलो. मुलीला विचारलं, तर तीही तोंडाला पदर लावल्यासारखं करून आत गेली. शेवटी जावयानं अर्थ सांगितला. तो इथं सांगता येणार नाही, पुढे लेकरं बसलीत.

बरोबर वाक्य कोणतं? ‘मिर इस्ट हाइस.’ ‘मिर’ म्हणजे मला. मला गरम होतंय! मराठीत आपण ‘मी गरम आहे’ म्हणतो का? मला थंडी वाजते, मला आवडतं, मला बरं नाही. जर्मनमध्ये ही सगळी वाक्यं अशीच ‘मला’नं होतात. मराठीतून विचार केला असता तर वाचलो असतो. त्या संध्याकाळी मी मोबाइलला ताकीद दिली, की प्रत्येक वाक्यानंतर माझी एक चूक दाखवायची आणि कौतुक बंद. तेव्हापासून तो कामाचा झाला. ही ताकीद पहिल्याच दिवशी द्या, एवढं माझ्या अनुभवावरून सांगतो. आणि बँकवाला म्हणून आणखी एक. तो गोड बोलतो म्हणून त्याला खाते नंबर, आजारपण, घरातली भांडणं सांगत बसू नका. आपलं बोलणं कुठंतरी साठत असतं.

आता आपल्या सोसायटीच्या जिव्हाळ्याचा विषय. जिना! त्या भागात ‘केर्वोखे’ नावाची चाल आहे. ‘केरन’ म्हणजे झाडणं, ‘वोखे’ म्हणजे आठवडा. इमारतीतल्या प्रत्येक घराला आळीपाळीनं एक आठवडा जिना, दारापुढची जागा स्वच्छ ठेवावी लागते. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी येऊन लटकते. पैसे देऊन सुटका करून घेणारेही असतात, पण जुनी माणसं स्वतः झाडतात. ‘केर’ काढण्यासाठी ‘केर्वोखे’, हा शब्द तरी मला शिकावा लागला नाही. (अध्यक्ष महोदय, मी काही सुचवत नाही. नुसती माहिती देतोय.)

मुलीची पाळी आली तेव्हा मी झाडू घेतला. खालच्या मजल्यावर ऐंशीच्या पुढच्या एक आजीबाई एकट्या राहायच्या. त्या दार उघडून बघत उभ्या राहिल्या आणि काहीतरी बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही. दोन वर्षांची मेहनत गेली पाण्यात. मी मोबाइल काढून त्यांच्यापुढे धरला, म्हटलं हा सांगेल. त्यानं पडद्यावर जे उमटवलं त्याचा जिन्याशी संबंध नव्हता. त्या बोलत होत्या श्वाबी बोली. मोबाइल शिकलेला प्रमाण जर्मन. पुण्याच्या पाठ्यपुस्तकावर मराठी शिकलेल्या माणसाला आपल्या गंगथडीच्या बाजारात सोडा, तसं झालं. मोबाइल ‘त्स्वान्त्सिश’ म्हणायचा, त्या ‘त्स्वान्त्सिक’. ‘थोडं’ला पुस्तकात ‘बिस्खन’, त्या ‘बिस्ले’.

त्यांनी हातानं खूण केली, ते खिशात ठेवा. मग माझ्या हातातला झाडू घेतला आणि कोपरा कसा काढायचा ते करून दाखवलं. मी झाडत होतो ते चुकीचं होतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं! त्यानंतर रोज दहा मिनिटं जिन्यात आमचं बोलणं व्हायचं. त्या सावकाश बोलायच्या, मी चुकलो की चूक न काढता तेच वाक्य बरोबर करून म्हणायच्या. सौ.नी त्यांना श्रीखंड दिलं. तिथं ‘क्वार्क’ मिळतो, तो म्हणजे आपला चक्काच. त्यात साखर, केशर, वेलदोडा. आजीबाईंनी वाटी परत दिली ती धुऊन, आणि आत मळ्यातली चेरी.

नातवाचं सांगायचं राहिलं. त्याच्यासाठीच तर सगळं होतं.

तो आता पाच वर्षांचा झाला होता. पहिल्याच आठवड्यात न्याहारीला मी त्याला जर्मनमध्ये विचारलं, दूध हवं का? त्यानं चमचा खाली ठेवला. दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिला. मग जो सुटला तो सुटलाच. ट्रॅक्टर, आगगाडी, किटातला चावरा मित्र. किटात जाता-येता आमच्या गप्पा. मी ‘डेर श्नेके’ म्हटलं की तो ‘डी! डी श्नेके!’ म्हणून दुरुस्त करायचा, आणि हा गुरू मोबाइलपेक्षा कडक. किटातल्या बाईंनी माझी ओळख विचारली, मी पाठ केलेलं उत्तर दिलं, त्या हसून आत गेल्या. मी अगदी तरंगत होतो.

तीन आठवड्यांनी एका रात्री भांडी लावताना मुलगी म्हणाली, ‘बाबा, एक लक्षात आलं का तुमच्या? तो आता तुमच्याशी मराठीचा एक शब्द बोलत नाही.’

मी म्हटलं, कळतं की त्याला.

‘कळतं हो. आमच्याशी तो जर्मनच बोलतो, कारण आम्हाला येते हे त्याला माहीत आहे. ज्यांच्याशी मराठीतच बोलावं लागतं अशी त्याला दोनच माणसं होती, तुम्ही आणि आई. आता एकटी आईच राहिली.’

ती रागानं नव्हती बोलली. पण मला बसल्या जागी गार वाटलं. दोन वर्षं रविवारी रविवारी व्हिडिओ कॉलवर तो मोडकीतोडकी का होईना मराठी बोलायचा, ‘आबा, तू काय करतो?’ म्हणायचा, ते माझ्या अडाणीपणामुळे. तो अडाणीपणा मी कष्टानं घालवला होता. आणि गंमत अशी, की आमच्या सौ. दोन्ही वेळा एक शब्दही जर्मन शिकल्या नाहीत. तो काही म्हणाला की त्या एकच बोलायच्या, ‘मला नाही कळत बाबा, मराठीत सांग.’ तो पाय आपटायचा, पण सांगायचा. त्याचं जे काही मराठी टिकलं ते त्यांच्यामुळे.

मग मी आणि नातवानं करार केला. किटाच्या वाटेवर एक पूल लागतो. जाताना जर्मन. येताना पूल ओलांडला की मराठी. लहान पोरांना नियम फार आवडतात. मीच विसरून जर्मन बोललो तर तो कान धरायला लावायचा. परतीच्या वाटेवर एकदा पुन्हा गोगलगाय दिसली. मी म्हटलं, हिला मराठीत गोगलगाय म्हणतात. तो थांबला. ‘गाय? पण ही गाय नाही.’ बरोबर होतं त्याचं. मला उत्तर आलं नाही. घरी येऊन मोबाइलला विचारलं, तर त्यानं एक लांबलचक व्युत्पत्ती इतक्या आत्मविश्वासानं सांगितली, की मी ती नातवाला सांगितली नाही. अशा आत्मविश्वासानं कर्ज मागणारी माणसं मी बघितली आहेत.

निघायच्या दिवशी आजीबाई जिन्यात उभ्या होत्या. काय बोलल्या ते सगळं कळलं असं नाही. पण कळलं.

आता आपल्या गावच्या तरुणांसाठी थोडं. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. एस्लिंगन ज्या राज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी महाराष्ट्र सरकारनं २०२४ च्या फेब्रुवारीत कुशल मनुष्यबळासाठी करार केला. दहा हजार तरुण पाठवायचं तेव्हा जाहीर झालं. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक अशी कामं त्यात आहेत. किती जण गेले, कधी जातील, यावर मी बोलत नाही, तो माझा विषय नव्हे. पण आपल्या पंचक्रोशीतली चार-पाच आयटीआय झालेली मुलं माझ्याकडे विचारायला आली होती. त्यांना मी सांगितलं ते इथंही सांगतो. भाषेच्या सहा पायऱ्या आहेत, ए-वन ते सी-टू. पहिल्याच परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग असतात. बोलण्याच्या भागाला समोर माणूस बसतो. मोबाइलवर तोंडाची भीती जाईल, ती गेली की माणसाशी बोला. दोघं मिळून या, एकमेकांशी बोला. मी गच्चीवर साडेपाचला असतो. जर्मनमध्ये किती वाजता, ते तुम्हाला आता माहीत आहे. स्वतःची खुर्ची आणा, गच्चीवरच्या दोन्ही मोडल्यात, हेही अध्यक्षांच्या कानावर घालतो.

रविवारी व्हिडिओ कॉलवर मी नातवाशी जर्मन बोलत नाही. तसा करार आहे. परवा त्यानं विचारलं, ‘आबा, गंगेला पाणी आलं का?’ मी म्हटलं, आलं. ‘किती?’ मी हात पसरून दाखवलं. तो म्हणाला, ‘नेकारपेक्षा मोठी?’ मोबाइल घेऊन मी पुलापर्यंत गेलो आणि त्याला दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘आबा, तिकडच्या बाजूला कोण राहतं?’ पलीकडे बीड जिल्हा आहे, हे त्याला कसं समजावायचं ते अजून ठरवतोय.

आजही रविवारच आहे. सात वाजून दहा मिनिटं झालीत. साडेसातला त्याचा फोन येतो, तिथं तेव्हा दुपार असते. तेव्हा मला आता निघायला हवं.